पाटी नको, कोपरा द्या!

होस्टेलच्या नोटीस बोर्डावर काही नोटिसा कायमच्या मुक्कामाला असतात. "मेसचे बिल दहा तारखेच्या आत भरावे." "खोलीत हीटर आढळल्यास दंड करण्यात येईल." "रात्री दहानंतर कॉरिडॉरमध्ये गोंगाट करू नये." या सेमिस्टरला त्यांच्या शेजारी एक नवीन पाहुणी आली आहे. "कॅम्पसमध्ये चाकांच्या फळीवरून फिरण्यास सक्त मनाई आहे. फळी जप्त करण्यात येईल."

चाकांची फळी! स्केटबोर्डला इतका सरळ मराठी शब्द शोधल्याबद्दल ऑफिसमधल्या काकांचं अभिनंदन केलंच पाहिजे. पण त्या नोटिशीतल्या बाकीच्या शब्दांबद्दल मला थोडं बोलायचं आहे. आपल्या कॅम्पसवर एकूण सात बोर्ड आहेत. त्यातले तीन सध्या रेक्टर सरांच्या कपाटात, जप्त केलेल्या हीटरच्या कॉईल्ससोबत विश्रांती घेत आहेत. माझा अजून बाहेर आहे. कुठे आहे ते मात्र विचारू नका.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना पुढच्या पानावरच्या कविता वाचायच्या आहेत त्यांची सोय होईल. मनाईची पाटी लावून हा खेळ आजवर कुठेही थांबलेला नाही, तो फक्त जागा बदलतो. मग ती जागा कोणती असावी, हे आपणच का ठरवू नये?

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर.

स्केटिंग म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं ते उन्हाळी शिबिर. गुडघ्याला पॅड बांधून रिंकवर गोल गोल फिरणारी लहान मुलं आणि कठड्यापलीकडे पाण्याची बाटली घेऊन उभे असलेले आई-बाबा. स्केटबोर्ड हे त्याचं लांबचं भावंड. इथे पाय बांधलेले नसतात. फळी वेगळी, तुम्ही वेगळे, आणि दोघांनी एकत्र राहायचं की नाही हे दर सेकंदाला नव्याने ठरतं!

१९५०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्या पोरांनी, लाटा नसतील त्या दिवशी करायचं काय म्हणून, फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली. आधी लोखंडी चाकं, मग एक प्रकारच्या भाजलेल्या मातीची. वाटेत बारीक खडा आला की बोर्ड जागच्या जागी थांबायचा आणि वरचा माणूस न्यूटनचा पहिला नियम पाळत पुढे जायचा. पोरं पडू लागली तशी अमेरिकेतल्या अनेक शहरांनी साठच्या दशकातच बंदी घालून टाकली. म्हणजे आपली नोटीस काही पहिली नव्हे.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या एका तरुणाला व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात रोलर स्केटसाठी बनवलेली युरेथेनची चाकं दिसली. ती त्याने बोर्डला लावली आणि कॅलिफोर्नियात विकायला नेली. युरेथेन खड्यावर अडत नाही, थोडं दबतं आणि पुढे जातं. एक मटेरियल बदललं आणि अख्खा खेळ बदलला. मटेरियल सायन्सचा पेपर अवघड गेलेल्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

पाठोपाठ १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. श्रीमंतांच्या बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. सांता मोनिका-व्हेनिस भागातली, ज्याला 'डॉगटाऊन' म्हणत तिथली पोरं कुंपणावरून उड्या टाकून त्या रिकाम्या तलावांत शिरायची आणि त्यांच्या गोलाकार भिंतींवरून लाटेसारखं वर जायची. दुष्काळाने आपल्याला काय दिलं ते मराठवाड्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. तिथे मात्र त्याने एक खेळ घडवला. आज जगभरच्या स्केटपार्कमध्ये काँक्रीटचे जे खोलगट वाडगे दिसतात, ते त्या कोरड्या तलावांचेच वंशज.

शेवटचा टप्पा 'ऑली'चा. फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेल्फँडने सत्तरच्या दशकाच्या शेवटी गोल भिंतीवर हात न लावता बोर्डसकट उडी मारून दाखवली. काही वर्षांतच रॉडनी मलनने तेच सपाट जमिनीवर जमवलं. पाहणाऱ्याला वाटतं बोर्ड पायाला चिकटवलाय. तसं काही नसतं. मागच्या पायाने शेपटी जमिनीवर आपटायची, नाक वर येतं, बोर्ड उसळतो, आणि त्याच क्षणी पुढचा पाय वरच्या खरखरीत कागदावरून पुढे घासत न्यायचा. घर्षणाने मागचं टोक वर खेचलं जातं आणि बोर्ड हवेत आडवा होतो. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाचा मामला. शिकायला मला चार महिने लागले.

या एका उडीमुळे फुटपाथची कड, पायऱ्या, बाक, कठडे, सगळं खेळाचं सामान झालं. आणि खरं भांडण तिथूनच सुरू झालं. मैदानावर खेळणाऱ्याला कोणी हाकलत नाही, पायरीवर खेळणाऱ्याला सगळेच हाकलतात.

पण भांडणाकडे वळण्याआधी, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात लिहितोय तर बोर्ड खोलून दाखवायलाच हवा.

वरची फळी, म्हणजे डेक, सहसा मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते. लांबी साधारण ३१-३२ इंच, रुंदी ८ इंचांच्या आसपास. बहुतेक थरांचे तंतू लांबीच्या दिशेने आणि एक-दोन थरांचे आडवे, म्हणजे वाकण्याला ताकद मिळते आणि उभी चीरही जात नाही. खाली अ‍ॅल्युमिनियमचे दोन ओतीव 'ट्रक'. मधोमध तिरका किंगपिन आणि त्यावर रबरासारखे दोन बुश. तुम्ही एका बाजूला झुकलात की बुश दबतो आणि अ‍ॅक्सल त्या बाजूला वळतो. स्टिअरिंग नाही, लिव्हर नाही, गिअर नाही, फक्त भूमिती! एका किंगपिनचा कोन समजावून सांगायला आमच्या बॅचमधल्या एका पोराने अर्धा तास घेतला होता. तोच पोरगा थिअरी ऑफ मशीन्सच्या तासाला शेवटच्या बाकावर झोपतो.

प्रत्येक चाकात दोन, अशी एकूण आठ बेअरिंग्ज. नंबर ६०८. आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, जाडी ७. मध्यंतरी घराघरांत गरगरणाऱ्या फिजेट स्पिनरमध्येही हीच असायची. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगा, काढून देतात. चाकांचं मात्र बघून घ्यावं लागतं. उड्या मारणारे ५०-५४ मिमीची कडक चाकं घेतात, ज्यांचा कडकपणा ९९ ए असा मोजतात. ती गुळगुळीत काँक्रीटवर लोण्यासारखी चालतात आणि आपल्या डांबरी रस्त्यावर दात खिळखिळे करतात. रस्त्यासाठी मोठी आणि मऊ, ७८ एच्या आसपासची चाकं लागतात. थोडक्यात काय, तर या खेळाला सगळ्यात महाग वस्तू लागते ती बोर्ड नव्हे. माझा सेकंडहँड बोर्ड अठराशे रुपयांत आला. लागते ती चांगली जमीन. आणि नेमकी तीच कोणी देत नाही.

आता भांडण.

फिलाडेल्फियात महापालिकेच्या जवळ 'लव्ह पार्क' नावाचा चौक आहे. १९६५ मध्ये तयार झाला. ग्रॅनाईटच्या पायऱ्या, लांबलचक कठडे, मध्ये कारंजं. ऐंशीच्या दशकापासून स्केटबोर्डवाल्यांनी ही जागा इतकी गाजवली की जगभरची पोरं ती बघायला येऊ लागली. २००१ आणि २००२ मध्ये 'एक्स गेम्स' या मोठ्या स्पर्धा त्याच शहरात भरल्या. आणि त्याच २००२ मध्ये शहराने लव्ह पार्कमधली बंदी कडक केली, पार्कची रचना बदलली.

तेव्हा विरोध करायला कोण आलं असेल? एडमंड बेकन. हे गृहस्थ या शहराच्या नियोजन आयोगाचे अनेक वर्षं प्रमुख होते आणि या चौकाची मूळ कल्पनाच त्यांची, त्यांच्या विद्यार्थीदशेतल्या प्रबंधातली. (सिनेमावाल्यांसाठी माहिती: नट केव्हिन बेकनचे वडील.) वय वर्षं ९२. ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांनी डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि आधार घेत बंदी असलेल्या त्या चौकात स्केटबोर्डवरून फेरी मारली! ज्याने जागा आखली, त्याला ती पोरं नासधूस करताना दिसत नव्हती. आपण विचारही केला नव्हता असा उपयोग कोणीतरी शोधून काढलाय, याचा त्या म्हाताऱ्याला आनंद होता. २००४ मध्ये बूट बनवणाऱ्या एका कंपनीने, डीसी शूजने, पोरांना परत येऊ द्या म्हणून शहराला दहा लाख डॉलर देऊ केले. शहराने नाही म्हटलं. पुढे पार्क पुन्हा नव्याने बांधला गेला आणि जुन्या ग्रॅनाईटचा काही भाग चक्क स्वीडनमधल्या माल्मो शहरात पोहोचला, तिथल्या स्केटबोर्डवाल्यांसाठी! एकाने नको म्हटलेला दगड दुसऱ्याने समुद्रापलीकडून मागवला. माल्मोत २००६ पासून असं एक ज्युनिअर कॉलेजच आहे जिथे स्केटबोर्डिंग वेळापत्रकात असतं. आमच्या वेळापत्रकात ऑफ पीरियडही नसतो. असो.

दुसरं उदाहरण पोर्टलंडचं. तिथल्या बर्नसाईड पुलाखाली कचरा आणि नशेबाजांचा अड्डा होता. १९९० मध्ये काही पोरांनी कोणालाही न विचारता स्वतःच सिमेंट कालवून भिंतीला उतार द्यायला सुरुवात केली. आज एक उतार, महिन्याने दुसरा. शहराला कळलं तोपर्यंत जागा साफ झाली होती. शहाणपणा असा की शहराने ती पाडली नाही, राहू दिली. बर्नसाईड आज जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या स्केटपार्कांपैकी एक आहे. लंडनमध्ये थेम्सकाठी साऊथबँकच्या इमारतींखालच्या मोकळ्या जागेत तर सत्तरच्या दशकापासून स्केटबोर्डिंग चालतं. २०१३ मध्ये तिथे दुकानं काढायचा बेत झाला. लोकांनी चिवटपणे मोहीम चालवली, २०१४ मध्ये जागा वाचली आणि २०१९ मध्ये तिचा बंद पडलेला भागही दुरुस्त होऊन खुला झाला.

"हे सगळं गोऱ्यांचं कौतुक झालं, आपल्याकडे काय?" असं मेसमध्ये मला हमखास विचारतात. म्हणून आपल्याकडचं सांगतो. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं खेडं आहे. २०१५ मध्ये उलरिके राईनहार्ड या जर्मन बाईंनी तिथे काँक्रीटचा स्केटपार्क उभा केला. नियम दोन. शाळेत गेला नाहीत तर बोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर आधी. आदिवासी आणि यादव वस्तीतली, एरवी एकमेकांत न मिसळणारी पोरं एकाच उतारावर आपटू लागली. राजस्थानात उदयपूरजवळच्या खेमपूरला 'स्केटर गर्ल' या २०२१ च्या सिनेमासाठी पार्क बांधला आणि शूटिंग संपल्यावर तो गावातल्या मुलांसाठी तसाच ठेवला. २०२२ मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये स्केटबोर्डिंगचं सुवर्ण घेऊन आली ती आपल्या पुण्याची श्रद्धा गायकवाड. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २०२१ साली टोकियोत आला, तेव्हा मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी जपानची मोमिजी निशिया तेरा वर्षांची होती. २०२४ च्या पॅरिसला मुलींची दोन्ही सुवर्णपदकं चौदा वर्षांच्या पोरींनी नेली. आपण एकविसाव्या वर्षी परवानगी मागतोय, म्हणजे तसे आपण या खेळातले ज्येष्ठ नागरिकच!

आता आपल्या कॅम्पसवर या. नोटीस लागल्यापासून झालं काय? खेळ थांबला? अजिबात नाही. मेस आटोपली की चार-पाच जण मेन गेटबाहेर पडतात आणि खालच्या वळणाच्या उतारावर जातात. राज्य रस्ता आहे तो. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या धावतात, दोन-दोन जोडलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागच्या महिन्यात एस.ई.चा एक पोरगा अशाच एका ट्रॉलीच्या पुढून वाचला. ड्रायव्हरने शिव्या घातल्या, त्याचं काही चुकलं नाही. पोरगा दोन दिवस गप्प होता आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच गेला. हे लिहायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला. मी म्हटलं लिहायचंच. कॅम्पसमध्ये पडला असता तर गुडघा फुटला असता. तिथे काय झालं असतं, ते लिहायला हात धजत नाही.

विरोधातल्या मुद्द्यांनाही उत्तर दिलं पाहिजे. त्यातले बरेचसे खरे आहेत.

"हातपाय मोडतील." मोडू शकतात. मनगट आणि घोटा यांना धोका जास्त. म्हणून हेल्मेट आणि पॅड सक्तीचे असावेत, अगदी जर्नलवरच्या सहीइतके सक्तीचे.

"आवाज होतो." होतो, आणि पेव्हर ब्लॉकवर तर फारच होतो. लायब्ररीसमोर कोणी खेळू नये, हे आम्हालाही मान्य आहे.

"मालमत्तेचं नुकसान होतं." अ‍ॅडमिन बिल्डिंगच्या पायऱ्यांच्या कडा काळ्या झाल्यात आणि दोन ठिकाणी टवका उडालाय, हे खरं आहे. ट्रकचं अ‍ॅल्युमिनियम आणि मेण घासलं की तसं होतं. पण यावर उपाय जुना आहे. स्केटपार्कमध्ये कठड्याच्या कडेला लोखंडी अँगल बसवतात, म्हणजे कड फुटत नाही. हा अँगल आपल्या वर्कशॉपमध्ये फर्स्ट इयरची पोरंसुद्धा वेल्ड करू शकतात.

"अभ्यास कोण करणार?" जे करत नाहीत ते बोर्डाशिवायही करत नाहीत. केटीचा आणि चाकांचा संबंध लावायचा असेल तर कॅंटीनच्या कॅरमचाही लावावा लागेल.

तर आमची मागणी अशी. वर्कशॉपच्या मागे जुन्या सायकल स्टँडची फरशी पडून आहे. वरचे पत्रे गेले, सायकली गेल्या, सध्या तिथे तुटके बाक आणि कुत्र्यांची पिल्लं राहतात. लायब्ररी लांब, होस्टेल लांब, रस्ता तर त्याहून लांब. एवढा कोपरा एका सेमिस्टरसाठी प्रयोग म्हणून द्या. फरशीच्या भेगा सिव्हिलवाल्यांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून भराव्यात. मिक्स डिझाईन त्यांचं, क्यूब टेस्ट सात आणि अठ्ठावीस दिवसांची, सगळं रीतसर. मेकॅनिकलने दोन इंची पाईपचा एक बुटका रेल आणि अँगल लावलेला एक कठडा बनवावा. एनएसएसच्या एका रविवारी श्रमदान करू. बर्नसाईडच्या पोरांनी न विचारता केलं, आम्ही विचारून करतोय, एवढा तरी फरक लक्षात घ्यावा.

नियमही आम्हीच सुचवतो. वेळ संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात. ही वेळ मुद्दाम निवडली आहे, कारण लेडीज होस्टेलचं गेट सातला बंद होतं. रात्री नऊला उतारावर जाणाऱ्यांत एकही मुलगी नसते, ती मुलींना हौस नाही म्हणून नव्हे. सातपैकी दोन बोर्ड मुलींचे आहेत, त्यांनी ते शेवटचे कधी वापरले ते विचारून बघा. जनवारमधल्या पोरांना जे कळतं ते आपल्याला कळायला हरकत नसावी. बाकी रजिस्टरमध्ये सही, हेल्मेट नसेल तर प्रवेश नाही, प्रथमोपचाराची पेटी, किल्ली रेक्टर सरांकडे. कॅम्पसमध्ये इतरत्र कोणी बोर्डवर दिसला तर त्याचा बोर्ड आम्हीच आणून कपाटात ठेवू. सेमिस्टरनंतर वाटलं की जमत नाही, तर फरशी तुमचीच आहे, कुलूप लावा.

ज्यांना या खेळात काडीचा रस नाही, त्यांनाही माझी विनंती आहे. आज प्रश्न सात बोर्डांचा आहे. उद्या कोणी व्हरांड्यात गिटार घेऊन बसेल, कोणी गच्चीवर टेलिस्कोप लावेल. दर वेळी सोपं उत्तर पाटी हेच असेल, कारण पाटीला खर्च नाही आणि पाटीला जबाबदारीही नाही. जागा दिली की लक्ष ठेवावं लागतं, पोरांशी बोलावं लागतं. पण कॉलेज म्हणजे तेच तर असतं ना?

मित्रांनो, अर्ज टाईप करून तयार आहे. सह्यांचा कागद मेसच्या दारात, डाव्या हाताला, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलाय. बोर्ड असो वा नसो, जेवण झालं की सही करून जा. (आधी हात धुवा, मागच्या कागदावर आमटी सांडली होती.) प्राचार्य सरांना तो आम्ही गॅदरिंगच्या आधी देणार आहोत.

आणि स्टाफपैकी कोणाला एकदा चढून बघायचं असेल, तर आनंदाने या. बेकन साहेब ब्याण्णवाव्या वर्षी चढले होते. आमचे रेक्टर सर तर अजून पन्नाशीतच आहेत. हेल्मेट आम्ही देऊ, हात दोन्ही बाजूंनी धरू. फक्त सर, येताना कपाटाची किल्ली तेवढी घेऊन या!

– टी. ई. (मेकॅनिकल), ब्लॉक 'बी'